कॉम्प्युटर चालू होईना? फॉरमॅट मारायच्या आधी हे सगळं करून बघा

कॉम्प्युटर चालू होत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ऐकू येतं ते "फॉरमॅट मारावा लागेल". दुकानवाला म्हणतो, शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणतो, घाबरलेला माणूस हो म्हणून मोकळा होतो आणि मग लग्नाचे फोटो, दुकानाचा टॅलीचा डेटा, मुलीच्या प्रोजेक्टची फाईल सगळं एका दुपारी जातं. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण विंडोज चालू होत नाही म्हणजे फाईली गेल्या असं बहुतेक वेळा नसतंच, फाईली डिस्कवर जिथल्या तिथे असतात, अडलेलं असतं ते फक्त विंडोज. आणि ते सोडवायची बरीच साधनं विंडोजच्या आतच दिलेली आहेत, फुकट, फक्त ती नेहमी डोळ्यासमोर नसतात म्हणून नवीन माणसाला माहीत नसतात.

खाली जे सांगते ते विंडोज १० आणि ११ साठी. क्रम मात्र सोडू नका, कारण सगळं महत्त्व क्रमालाच आहे: ज्यात काहीच बदलत नाही ते आधी, थोडंफार बदलतं ते नंतर, आणि ज्यात काही पुसलं जातं ते सगळ्यात शेवटी, तेही डेटा बाहेर काढल्यावरच.

आधी नीट बघा, गाडी कुठे अडतेय

बटण दाबल्यावर काय होतं ते शांतपणे बघा. लाईट लागत नाही, पंखा फिरत नाही, काहीच आवाज नाही, तर हा विंडोजचा प्रश्नच नाही, हा करंटचा प्रश्न आहे. दुसऱ्या सॉकेटला लावून बघा, एक्स्टेंशन बोर्ड बाजूला करून थेट भिंतीत लावा, डेस्कटॉप असेल तर सीपीयूच्या मागे एसएमपीएसचं, म्हणजे करंट पुरवणाऱ्या डब्याचं, छोटं बटण असतं ते कोणी झाडताना बंद केलंय का बघा.

कंपनीचा लोगो येतो आणि मग काळ्या स्क्रीनवर "नो बूटेबल डिव्हाइस" किंवा "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" असं काहीतरी येतं, तर मशीनला डिस्क सापडत नाहीये. कधी कधी कारण एवढंच असतं की पेनड्राईव्ह लावलेला राहिलाय आणि मशीन त्याच्यावरून चालू व्हायला बघतंय. तो काढा आणि परत चालू करा. तरी तेच, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन डिस्क दिसते का बघायचं. डेल आणि एसरच्या लॅपटॉपला साधारण एफ२, एचपीला एस्केप किंवा एफ१०, लेनोवोला एफ१ किंवा एफ२, असूसला एफ२, आणि असेंबल केलेल्या बऱ्याच डेस्कटॉपला डिलीट. बटण दाबून चालू केल्या केल्या ती की टकटक दाबत राहायची. आत डिस्कचं नाव दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर केबल सैल झालीये किंवा डिस्कच गेलीये, तिथे विंडोजची पुढे सांगितलेली दुरुस्तीची साधनं काही करू शकत नाहीत. बायोसमध्ये नुसतं बघा, काही बदलू नका. विशेषतः स्टोरेज किंवा साटा मोडचं सेटिंग कोणी बदललं की चांगलं चाललेलं विंडोजसुद्धा "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणून निळं पडतं. अगदी जुन्या डेस्कटॉपला तारीख वेळ प्रत्येक वेळी मागे जात असेल तर बोर्डवरचा बटण सेल संपलाय, सीआर२०३२ नावाचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो.

आणि तिसरा प्रकार म्हणजे लोगोखाली ठिपके गोल गोल फिरतात आणि मग मशीन परत बंद होऊन चालू होतं, किंवा निळी स्क्रीन येते, किंवा पासवर्ड टाकल्यावर नुसता काळोख. बाकीचा लेख मुख्यतः ह्याच प्रकारासाठी. इथे स्क्रीनवर जे काही लिहून येईल त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, हे खूप महत्त्वाचं आहे, कारण नंतर "काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं" एवढ्यावरून कोणीच मदत करू शकत नाही. विंडोज ११ च्या नवीन अपडेटनंतर ही स्क्रीन निळीच्या ऐवजी काळी येते, पण खाली स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, असतोच, तो हवाय.

मग प्रिंटर, स्कॅनर, पेनड्राईव्ह, बाहेरची हार्डडिस्क, डोंगल, सगळं काढा, कीबोर्ड माउस एवढंच ठेवा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा, आत साठलेला करंट निघून गेला की बरेच अडकलेले लॅपटॉप चालू होतात. डेस्कटॉप चालू होतो पण स्क्रीनवर काहीच येत नाही, बीप बीप वाजतं, असं पावसाळ्यात फार होतं, विशेषतः कोकणात आणि मुंबईत. दमट हवेने रॅमच्या पट्टीवर थर धरतो. वायर भिंतीतून काढून, रॅम काढून, तिच्या सोनेरी दातांवर साधं खोडरबर हलकं फिरवून, कापडाने पुसून परत नीट टक आवाज येईपर्यंत बसवायची.

अजून एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. विंडोज ८ पासून "शट डाऊन" केलं की मशीन पूर्ण बंद होत नाही, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे कालचा बिघाड आज परत तसाच येऊ शकतो. "रीस्टार्ट" केलं की मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून मशीन चालू होतंय पण वेड्यासारखं वागतंय तर बंद करून चालू करू नका, रीस्टार्टच करा.

रिकव्हरीच्या स्क्रीनवर जायचं कसं

विंडोज ७ च्या काळात एफ८ दाबायचो, मेनू यायचा. विंडोज ८ पासून मशीन इतक्या पटकन चालू होतात की एफ८ मुळातच बंद करून ठेवलाय, त्यामुळे विंडोज १० वर एफ८ दाबत बसून काही होणार नाही. आता रस्ते वेगळे.

पासवर्डच्या स्क्रीनपर्यंत पोचताय तर सगळ्यात सोपं: खाली उजवीकडे पॉवरचं चिन्ह असतं, ते दाबा, शिफ्ट की दाबून धरा आणि धरलेली असतानाच "रीस्टार्ट" वर क्लिक करा. लॉगिन करायचीही गरज नाही. विंडोज आतपर्यंत चालू होत असेल तर सेटिंग्समधूनही जाता येतं, ११ मध्ये सिस्टीम, मग रिकव्हरी, मग ॲडव्हान्स्ड स्टार्टअपच्या समोरचं "रीस्टार्ट नाऊ", आणि १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटीच्या आत रिकव्हरी.

आणि काहीच दिसत नसेल तर? मशीन चालू करा, लोगो आणि ठिपके दिसले की पॉवर बटण दाबून धरा, दहाएक सेकंद, बंद होईपर्यंत. परत चालू करा, परत तसंच बंद करा. दोनदा असं अर्धवट राहिलं की तिसऱ्या वेळी विंडोजला स्वतःलाच कळतं की काहीतरी चुकतंय, आणि "प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर" असं लिहून येतं. ते आलं की हात लावू नका, होऊ द्या. मात्र एक सांगते, स्क्रीनवर अपडेटचे टक्के चालू असतील तेव्हा हा प्रकार करू नका, कितीही वेळ लागला तरी. अपडेट अर्धं असताना लाईट गेल्यामुळेच बरीच मशीन ह्या अवस्थेला आलेली असतात, आपण हाताने तेच करायला नको.

हेही नाही झालं तर विंडोजचा इन्स्टॉल करायचा पेनड्राईव्ह लागेल, दुसऱ्या कोणाच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून बनवता येतो, कमीत कमी ८ जीबीचा आणि रिकामा, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. त्यावरून मशीन चालू करायचं, डेल लेनोवो एसरला बूट मेनूसाठी बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. निळी इन्स्टॉलची स्क्रीन आली की "इन्स्टॉल" दाबायचं नाही, "रिपेअर युअर कॉम्प्युटर" असं कोपऱ्यात लिहिलेलं असतं किंवा नवीन ११ मध्ये "रिपेअर माय पीसी" असा पर्याय असतो, तो घ्यायचा. इथे घाईत चुकीचं बटण दाबलं जातं म्हणून दोनदा वाचा.

रिकव्हरीच्या स्क्रीनवर माउस कीबोर्ड चालतच नाही असंही होऊ शकतं. १४ ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटमुळे नेमकं हेच झालं होतं, विंडोजमध्ये सगळं चालायचं पण रिकव्हरीत गेलं की यूएसबीचा माउस आणि कीबोर्ड दोन्ही मेल्यासारखे, मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला दुरुस्ती पाठवली. एखादं मशीन अजून त्याच अपडेटवर अडकलेलं असेल तर टचस्क्रीन किंवा जुना गोल पिनचा कीबोर्ड चालून जातो, नाहीतर वरचा पेनड्राईव्हचा रस्ता.

४८ आकडे मागितले तर घाबरू नका

आत शिरताना किंवा आतलं काही निवडताना एक निळी स्क्रीन बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकते, ४८ आकड्यांची. लोकांना वाटतं हॅक झालं. हॅक वगैरे काही नाही, डिस्क कुलूपबंद आहे एवढंच. "मी तर असं काही चालू केलंच नव्हतं" असं प्रत्येकजण म्हणतो आणि ते खरंही असतं, कारण नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन केलं की हे कुलूप बऱ्याचदा आपोआप लागतं, विंडोज ११ च्या २४एच२ ह्या २०२४ च्या आवृत्तीपासून तर फारच सर्रास. चावीसुद्धा त्याच अकाउंटमध्ये आपोआप साठवलेली असते. मोबाईलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या साईटवर त्याच ईमेलने लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये आपला लॅपटॉप शोधा, तिथे रिकव्हरी की असते. एकापेक्षा जास्त असतील तर स्क्रीनवर की आयडी दिलेला असतो त्याची पहिली ८ अक्षरं जुळवा. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर चावी आयटीवाल्यांकडे. दुकानातून लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलने सेटअप करून दिलेला असेल तर चावी त्याच्या अकाउंटला गेली असेल, त्यालाच गाठा. आणि चावी कुठेच नसेल तर हे कुलूप तोडता येत नाही, मायक्रोसॉफ्टलाही नाही, त्यामुळे "आम्ही काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मेनूतलं काय कधी वापरायचं

"चूज ॲन ऑप्शन" अशी स्क्रीन आली की "ट्रबलशूट" निवडा. पुढे "रीसेट धिस पीसी" दिसेल, त्याला आत्ता हात लावायचा नाही. "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये जा. खरं काम इथे आहे.

पहिलं "स्टार्टअप रिपेअर". चालू व्हायला लागणाऱ्या फाईली तपासतं आणि जमल्यास दुरुस्त करतं, आपल्या डेटाला हात लावत नाही. जमलं नाही तर "कुड नॉट रिपेअर युअर पीसी" असं सांगतं, तेव्हा सगळं संपलं असं समजू नका, हे साधन फक्त काही ठराविक गोष्टींसाठीच आहे.

परवापर्यंत चांगलं चालत होतं आणि अपडेट झाल्यावर बिघडलं, असं असेल तर "अनइन्स्टॉल अपडेट्स". आत दोन पर्याय, क्वालिटी अपडेट म्हणजे दर महिन्याचं, फीचर अपडेट म्हणजे वर्षाकाठी येणारं मोठं. आधी क्वालिटी काढा. फीचर अपडेट साधारण पहिल्या १० दिवसांतच मागे घेता येतं, त्यानंतर जुन्या फाईली पुसलेल्या असतात.

तिसरं "सिस्टीम रिस्टोअर". हे माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित साधन आहे. विंडोजने मागच्या एखाद्या तारखेला स्वतःची नोंद करून ठेवलेली असते, त्या तारखेला सेटिंग्स, ड्रायव्हर (प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड असे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) आणि प्रोग्राम परत नेले जातात, तुमचे फोटो आणि डॉक्युमेंट जसेच्या तसे राहतात. त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम मात्र निघतात, यादी आधीच दाखवतात, बघून घ्या. अडचण अशी की बऱ्याच मशीनवर ही सोय मुळात बंदच असते आणि मग "नो रिस्टोअर पॉइंट्स" असं तोंडावर येतं. विंडोज ११ च्या २४एच२ मध्ये हे पॉइंट जास्तीत जास्त ६० दिवस ठेवले जातात, म्हणजे दिवाळीच्या आधीचा पॉइंट होळीला मिळेल असं समजू नका.

सेफ मोड, इथे थोडं थांबू

ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये "स्टार्टअप सेटिंग्स" आहे. ते निवडून रीस्टार्ट केलं की आकड्यांची यादी येते, १ ते ९, माउस चालत नाही, आकडा दाबायचा किंवा एफ१ ते एफ९. नवीन माणसाला ह्यातले चारच लागतात. ४ म्हणजे सेफ मोड. ५ म्हणजे सेफ मोड पण इंटरनेटसकट, इथे वायफायपेक्षा केबल भरवशाची. ३ म्हणजे लो रेझोल्युशन, स्क्रीनचं सेटिंग काहीतरी करून बसल्यामुळे नुसता काळोख येत असेल तेव्हा. आणि ९ म्हणजे बिघाड झाल्यावर आपोआप रीस्टार्ट होऊ नको, ह्याबद्दल पुढे सांगते.

सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू होतं, ग्राफिक्स कार्डचा स्वतःचा ड्रायव्हर नाही, बाहेरचे अँटिव्हायरस नाहीत, सुरुवातीला आपोआप उघडणारे प्रोग्राम नाहीत. चित्र मोठं आणि बेढब दिसतं, चारही कोपऱ्यांत सेफ मोड लिहिलेलं असतं, आवाज येत नाही, ते सगळं बरोबर आहे. खरा उपयोग निदानाचा. सेफ मोडमध्ये मशीन अर्धा पाऊण तास व्यवस्थित चाललं तर विंडोजचा गाभा ठीक आहे, आणि दोष बाहेरून आलेल्या कशाततरी आहे, ड्रायव्हर किंवा प्रोग्राम. सेफ मोडमध्येही तसंच बंद पडत असेल तर संशय डिस्कवर, रॅमवर किंवा विंडोजच्या मूळ फाईलींवर. एवढं एक कळलं की निम्मं काम झालं, आणि हे कळण्यासाठी एक पैसा लागत नाही.

मग आत गेल्यावर करायचं काय, तर आठवा की बिघडायच्या आधी काय नवीन टाकलं होतं. ते काढा. काही प्रोग्राम सेफ मोडमध्ये निघत नाहीत कारण ते काढणारी विंडोजची सेवाच तिथे बंद असते, तसं झालं तर सध्या टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअपच्या यादीत जाऊन ते डिसेबल करा आणि नेहमीच्या विंडोजमध्ये येऊन काढा. ड्रायव्हरचा संशय असेल तर स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, तिथे डिस्प्ले अडॅप्टर किंवा जे असेल त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हर टॅब आणि "रोल बॅक ड्रायव्हर". विंडोजच्या फाईली तपासायच्या असतील तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाईप करायची काळी खिडकी, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि फोनवर सांगतात तसं अक्षरं एकेक करून टाईप करा: एस एफ सी, मग स्पेस, मग स्लॅश, मग स्कॅननाऊ सलग एका शब्दात. वेळ लागतो, चहा घेऊन या.

इथे लॉगिनला पिनच्या ऐवजी पासवर्ड लागू शकतो, तो आठवत नसेल तर अडाल, म्हणून आधीच बघून ठेवा. आणि एक कळकळीची विनंती, काही व्हिडिओत एमएसकॉन्फिग उघडून "सेफ बूट" ला टिक करायला सांगतात, ते करू नका. ती टिक काढेपर्यंत मशीन प्रत्येक वेळी सेफ मोडमध्येच चालू होतं, आणि तिथे लॉगिन झालं नाही तर नवीन माणसाला बाहेर पडणं फार अवघड होतं. शिफ्ट रीस्टार्टने गेलात तर पुढच्या रीस्टार्टला आपोआप नेहमीचं विंडोज येतं.

सेफ मोडची ताकद बघायची तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाईलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर अडकली, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. त्या कंपनीचा ड्रायव्हर विंडोज चालू होतानाच लोड व्हायचा आणि ती फाईल वाचली की सगळं कोसळायचं, परत चालू, परत तेच. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली ती एक फाईल डिलीट करा, रीस्टार्ट करा. फॉरमॅट नाही, काही नाही. वेळ गेला तो प्रत्येक मशीनपाशी जाऊन हे हाताने करण्यात आणि बिटलॉकरचे ते ४८ आकडे शोधून टाईप करण्यात. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये क्विक मशीन रिकव्हरी आणली, मशीन अडकलं की रिकव्हरीतूनच इंटरनेटवरून दुरुस्ती शोधायची, सेटिंग्समध्ये रिकव्हरीच्या पानावर चालू आहे का बघून ठेवा.

स्क्रीन वाचायच्या आत पळते?

निळी स्क्रीन एक क्षण दिसते आणि मशीन रीस्टार्ट होतं, फोटोसुद्धा काढता येत नाही, त्यासाठी ते ९ नंबरचं ऑप्शन, स्क्रीन थांबून राहते. मशीन मधून मधून चालू होत असेल तर हे कायमचं करता येतं: विंडोज आणि आर की एकत्र दाबा, छोट्या खिडकीत एस वाय एस डी एम डॉट सी पी एल टाईप करून एंटर, ॲडव्हान्स्ड टॅब, तिथे शेवटी "स्टार्टअप अँड रिकव्हरी" च्या सेटिंग्स. त्यात "ऑटोमॅटिकली रीस्टार्ट" ची टिक काढा. त्याच खिडकीत खाली मेमरी डम्पचा प्रकार विचारलेला असतो, "स्मॉल मेमरी डम्प" निवडलं की प्रत्येक बिघाडाची २५६ केबीची छोटी नोंद विंडोजच्या फोल्डरमध्ये मिनीडम्प नावाने साठते, जाणकाराला ती पाठवली तर कोणत्या ड्रायव्हरने घोळ घातला ते बऱ्याचदा सापडतं. त्याच ठिकाणी दोन विंडोज असलेल्या मशीनवर कोणतं आपोआप चालू व्हावं आणि यादी किती सेकंद दाखवावी तेही असतं, मुळात ३० सेकंद.

कोड प्रत्येक वेळी वेगळा येत असेल किंवा "मेमरी मॅनेजमेंट" असं येत असेल तर रॅम तपासा, स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक शोधलं की मिळतं.

रीसेटच्या आधी डेटा बाहेर काढा, नोटपॅडने

हा भाग कोणी सांगत नाही आणि सगळ्यात कामाचा हाच आहे. विंडोज अजिबात चालू होत नसलं तरी रिकव्हरीतून फाईली पेनड्राईव्हवर काढता येतात. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये "कमांड प्रॉम्प्ट" निवडा, यूजर आणि पासवर्ड विचारला तर द्या. काळी खिडकी आली की नोटपॅड हा शब्द इंग्लिशमध्ये टाईप करून एंटर. नोटपॅड उघडेल. त्यात फाईल, मग ओपन. आता जी खिडकी उघडली ती म्हणजे तुमचा एक्सप्लोररच आहे असं धरा. खाली "टेक्स्ट डॉक्युमेंट्स" लिहिलेलं असतं ते "ऑल फाईल्स" करा, नाहीतर फोल्डर रिकामे दिसतील आणि तुमचं धाबं दणाणेल. मग डावीकडून धिस पीसी.

इथे ड्राईव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. तुमचा नेहमीचा सी इथे डी दिसेल, आणि एक्स म्हणजे रिकव्हरीचीच तात्पुरती जागा. ज्यात यूजर्स नावाचा फोल्डर आणि त्यात तुमचं नाव आहे तो आपला. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाऊनलोड्स ह्या फोल्डरवर उजवं क्लिक करून कॉपी, मग पेनड्राईव्ह किंवा बाहेरच्या डिस्कमध्ये जाऊन पेस्ट. किती झालं ते दाखवत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते, तरी थांबा. एकेक फोल्डर करा, एकदम सगळं नको.

डिस्क कट कट आवाज करत असेल किंवा कॉपी मधेच अडत असेल तर आणखी काही चालवू नका. अशा वेळी लोक चेकडिस्क लावतात, सी एच के डी एस के, स्पेस, ड्राईव्हचं अक्षर आणि कोलन, स्पेस, स्लॅश एफ, ती कमांड चांगलीच आहे, फाईल सिस्टीम दुरुस्त करते, पण मरायला टेकलेल्या डिस्कला एवढं राबवलं की उरलेलाही डेटा जाऊ शकतो. आधी कॉपी, मग चेकडिस्क. आणि डेटा खरंच मोलाचा असेल, दुसरी प्रत कुठेच नसेल, तर मशीन बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच न्या.

रीसेट, सगळं करून झाल्यावर

ट्रबलशूटमधलं "रीसेट धिस पीसी". पहिला प्रश्न, "कीप माय फाईल्स" का "रिमूव्ह एव्हरीथिंग". कीप माय फाईल्स घेतलं तरी प्रोग्राम सगळे जातात हे लक्षात ठेवा, फक्त काढलेल्या प्रोग्रामची यादी डेस्कटॉपवर ठेवली जाते. आपल्याकडच्या छोट्या ऑफिसात आणि डीटीपीच्या दुकानात हाच मोठा फटका बसतो, श्री-लिपी किंवा आकृतीसारखं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचे फॉन्ट, टॅली, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, जुना प्रिंटर, हे सगळं परत टाकावं लागतं आणि सीडी कुठे गेली ते कोणालाच माहीत नसतं. त्यामुळे लायसन्सचे नंबर आणि इन्स्टॉलच्या फाईली आधी जमवा. टॅलीच्या डेटाचा फोल्डर आणि सी ड्राईव्हवर यूजर्सच्या बाहेर स्वतः बनवलेले फोल्डर वेगळे कॉपी करा, कीप माय फाईल्सच्या भरवशावर ते सोडू नका.

दुसरा प्रश्न, "क्लाउड डाऊनलोड" (विंडोज इंटरनेटवरून नव्याने घ्यायचं) का "लोकल रीइन्स्टॉल" (मशीनवरच्याच फाईलींवरून). क्लाउडला साधारण ४ जीबी डेटा जातो, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करणार असाल तर पॅक बघा, पण विंडोजच्या फाईलीच खराब झाल्याचा संशय असेल तर क्लाउडच बरं. रिमूव्ह एव्हरीथिंग घेतलंत तर आणखी एक प्रश्न येऊ शकतो, फक्त विंडोजचा ड्राईव्ह पुसायचा का सगळे ड्राईव्ह. इथे "सगळे" निवडलं की डी आणि ई सुद्धा साफ. मशीन विकायचं नसेल तर कधीच निवडू नका. चार्जर लावून ठेवा, डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर, लाईट जाण्याचा भरवसा नसेल अशा वेळी सुरूच करू नका. विंडोजचं लायसन्स अस्सल असेल तर त्याच मशीनवर नंतर आपोआप परत ॲक्टिव्ह होतं, दुकानदाराने त्याचे वेगळे पैसे मागितले तर विचारा कशाचे.

मशीन आत्ता चांगलं चालू आहे ना, मग आजच

स्टार्टमध्ये "क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट" शोधा, सी ड्राईव्हसमोर प्रोटेक्शन ऑफ असेल तर कॉन्फिगर दाबून ऑन करा आणि एक पॉइंट लगेच बनवा. बिटलॉकरची चावी कागदावर लिहून किंवा छापून कागदपत्रांच्या फाईलमध्ये ठेवा. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आर ई ए जी ई एन टी सी सलग, स्पेस, स्लॅश, इन्फो असं टाईप करा, पहिल्याच ओळींत रिकव्हरी एनेबल्ड आहे का डिसेबल्ड ते कळतं, डिसेबल्ड असेल तर इन्फोच्या जागी एनेबल लिहून चालू करा. जुन्या डिस्कवरून एसएसडीवर (नव्या वेगवान डिस्कवर) क्लोन, म्हणजे सगळं जसंच्या तसं कॉपी, केलेल्या मशीनमध्ये हे बंद पडलेलं बऱ्याचदा सापडतं.

ज्यांचं अजून विंडोज १० आहे त्यांनी हे आधी करावं, कारण त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि तो ८ जीबीचा पेनड्राईव्ह, मशीन धड असतानाच बनवा, एकदा त्यावरून चालू करून रिपेअरची स्क्रीन दिसते का बघा, दिसली की काहीही न निवडता बंद करा. वर मार्करने १० का ११ ते लिहा आणि लॅपटॉपच्या बॅगेत नको, घरी कपाटात ठेवा.